लागला की लागली

हायलायटरचं टोपण — पिवळं, चावून चावून कडा पांढुरकी झालेलं — आपल्या तोंडात आहे हे दिव्यानीच्या लक्षात आलं तेव्हा बस चंद्रपूर सोडून बरीच पुढे आली होती, आणि शेजारची बाई तिच्याकडे, एवढी मोठी पोरगी प्लास्टिक चघळते आहे, अशा नजरेनं बघत होती. तिनं टोपण काढून पर्समध्ये टाकलं. हायलायटर खोलीवरच राहिला होता, पुस्तकात, उघडाच — आता सुकून जाणार, आणि संध्याकाळी परत गेल्यावर... पण संध्याकाळी परत जायचं नव्हतंच. आज गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा. रात्री नाटक, आणि त्याआधी, दुपारी, आपला सत्कार. आपला! हे वाक्य तिनं मनात उलटसुलट करून पाहिलं. आपला सत्कार केला जातो. कर्ता कोण? गाव. प्रयोग कोणता? कर्मणी. म्हणजे आपण स्वतः यात काहीच केलेलं नाही, आपल्यावर फक्त होणार आहे. व्याकरणाच्या दृष्टीनं तरी ती निर्दोष होती.

ती राज्यसेवेचा अभ्यास करते. म्हणजे नेमकं काय करते, असं कोणी विचारलं तर — आणि गावात सगळेच विचारतात, तोंडावर नाही तर माघारी — चंद्रपूरला एका खोलीत राहते, सकाळी उठून अभ्यासिकेत जाते, तिथं भिंतीवर लाल अक्षरात 'झोपायचं की साहेब व्हायचं?' असं लिहिलेलं आहे त्याच्याच खाली बसून डुलक्या काढते, जागी झाली की वाचते, आणि वाचलेलं विसरते. वर्षानुवर्षं हेच. तिशी आता हाकेच्या अंतरावर आहे. लक्षात राहायचं ते राहत नाही आणि नको ते मात्र, नको त्या वेळी, आपसूक वर येतं. पुलावरून बस गेली की वर्धा आणि वैनगंगा मिळून कोण? प्राणहिता. प्राणहिता कुठे जाते? सिरोंच्याजवळ, गोदावरीत. फांदीवर हिरवा पक्षी दिसला की राज्यपक्षी हरियाल, आणि तेवढ्यात पक्षी उडून गेलेला असतो. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुठी चालली वं बाई?" तर दिव्यानीच्या डोळ्यांपुढे आधी चार पर्याय उभे राहिले. "मूलले," ती म्हणाली. हे निदान नक्की होतं. मूलच्या स्टँडवर बाबा गाडी घेऊन येणार होते.

बाबांनीच तर सगळा घोळ केला... नाही. बाबांनी नाही. फोननं. फोननं तरी कसं म्हणायचं?

त्या दिवशी पूर्व परीक्षेचा निकाल आला होता. पूर्व, मुख्य आणि मुलाखत अशा तीन पायऱ्या; त्यातली ही पहिली, ही चढल्यावर कोणी कुठं पोचत नाही, फक्त दुसरीवर पाय ठेवायची परवानगी मिळते. दिव्यानी ही पायरी याआधीही चढली होती आणि दुसरीवरून गडगडत खाली आली होती, आणि तेव्हा तिनं घरी काही सांगितलंच नव्हतं. मग या वेळी काय झालं कुणास ठाऊक, आनंद झाला, खरंच झाला, आणि तिनं बाबांना फोन लावला. बाबा राइस मिलमध्ये मशीनवर. नवा धान आलेला, मिल धडाधडा चाललेली. "बाबा, निकाल लागला! पूर्व निघाली माही!" ती ओरडली. तिकडून बाप, मुखरू, ओरडला, "काय? लागली?" आणि ती —

इथं ती दरवेळी थांबते. कारण ती म्हणाली होती, "हो! लागला, लागला!"

ला आणि ली. निकाल पुल्लिंगी, दिव्यानी स्त्रीलिंगी. एवढाच काय तो फरक. पण त्यांच्या भागात 'लागणं' म्हणजे काही साधी गोष्ट नाही. पोरगा पोलिसात लागतो, कोणी वनखात्यात लागतो, कोणी शिपाई म्हणून का होईना पण लागतो, आणि जो लागत नाही तो रिकामा. लग्नाच्या बैठकीत पहिला प्रश्न, "पोरगा लागला का?" पुढचं सगळं त्याच्यानंतर. मुखरूनं मशीन थांबवलं म्हणे. तिथल्या तिथं हात वर करून सांगितलं म्हणे, "माही दिव्यानी लागली!" आणि मिलमधल्या माणसांनी त्याला उचलून घेतलं. मी 'लागला' ला हो म्हटलं होतं, 'लागली' ला नाही. पण त्या गोंगाटात मला 'ली' ऐकू आलं होतं का? आलं होतं असंही वाटतं, नव्हतं असंही. विधान एक बरोबर, विधान दोन बरोबर, की दोन्ही चूक?

संध्याकाळी तिनं पुन्हा फोन करून सरळ सांगितलं, हे मात्र खरं. बाबा, मी लागली नाई, आखीन दोन परीक्षा बाकी आहेत. मग मुखरू म्हणाला, "त्या दोनमध्ये तू काय नापास होनार आहेस का?"

"तसं नाई बाबा..."

"मंग झालंच समज. पेढे वाटून झाले ना वं बाई. आता लोकाइले पेढे परत मागू का?" आणि आवाज एकदम खाली आणून, "तुह्या मायले नको सांगू. आज बऱ्याच दिवसानं हासून राह्यली ते."

तिला तेव्हा हसू आलं होतं. हसावं की रडावं असं म्हणतात, पण खरं तर दोन्ही येतं आणि आधी हसू येतं.

मूलला मुखरू स्टँडच्या बाहेर गाडीवर बसून होता, अंगात नवा शर्ट, घडी न मोडलेला. "आली का! बस, बस लवकर. भैयाजी सकाळपासून माह्या डोक्शावर बसून आहे, पाहुनी कधी येते, पाहुनी कधी येते." ती मागे बसली. दोन्ही बाजूंनी धान कापून रिकामी झालेली बांधी, मध्येमध्ये पेंढ्या रचून केलेले पुंजणे, पुढं जंगलाची कड. मुखरू वाऱ्यावर ओरडून सांगत होता की कार्यक्रम उजेडातच उरकायचा, परवाच नाल्याजवळ वाघानं कालवड नेली, आजूबाजूच्या गावचे, नाटकाला न थांबणारे पाहुणे दिवस मावळायच्या आत ठिकाणी लागले पाहिजेत. तिनं मध्येच विचारलं, "बाबा, मी स्टेजवर काय बोलू?"

"जे बोलतेत ते बोल. अभ्यास करा, मायबापाचं नाव काढा."

"आन् कोनी विचारलं, कोनत्या हुद्द्यावर लागली, तं?"

खड्डा आला, मुखरूनं गाडी बाजूनं घेतली. मग मान न वळवता म्हणाला, "मले खोटं बोलता येत नाई बाई. मी कोनालेच काई सांगितलं नाई. लोक आपल्या मनानंच बोलून राह्यले." म्हणजे बापानंही तोच आडोसा शोधला होता. तिला त्याची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी.

घरी अंगणात सडा, पाहुण्यांच्या चपला, चुलीवर मोठं गंज. मंडईच्या दिवशी कोणाच्या घरी कोण जेवतो याचा हिशेब नसतो. आईनं, रुखमाबाईनं, तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "किती वाळली वं! आता साहेबीन झाली, आता तरी पोटभर खाशीन का नाई?" आणि लगेच आत बसलेल्या बायकांना ऐकू जाईल असं, "आता कोनी बोलन तं बोल म्हना!" कारण आजवर बोलत होत्या. पोरगी शिकून राह्यली का म्हातारी होऊन राह्यली, असं याच बायका बोलायच्या. निकालाच्या दिवसापासून एकदम चिडीचूप. लग्नाचा विषय नाही, वयाचा नाही. परवा गावातल्या सोसायटीच्या सचिवानं तिला स्वतः फोन करून 'मॅडम' म्हटलं. आणि — लपवून काय उपयोग — मला ते आवडलं. फार आवडलं. खोलीत एकटी असताना मी ते पुन्हा मनात म्हणून पाहिलं, मॅडम. पाप करणाऱ्याला झोप लागत नाही म्हणतात. मला त्या दिवसांत छान झोप लागत होती.

साडी नेसायला ती मागच्या खोलीत गेली, आणि तिच्या मागोमाग रीना आली. गुणवंतरावांची पोरगी, शेजारच्या घरातली. मूलच्या कॉलेजातून यंदाच बी.ए. झालेली. लहानपणी दिव्यानीच्या मागे मागे फिरायची. तिनं दार लोटलं, पिना तोंडात धरल्या आणि खाली बसून निऱ्या सारख्या करायला लागली. गुणवंतरावांनी गावभर सांगितलं होतं, दिव्यानी लागली तर रीनाही लागेल, हिलाही चंद्रपूरला पाठवतो, दिव्यानीच्याच खोलीवर. हे दिव्यानीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते रीनानं सांगितलं, पिना तोंडातून काढून.

"ताई, आमच्या घरी पाव्हणे आले आहेत. मंडई पाहाले म्हनतेत, पन मलेच पाहाले आले. पोरगा वनखात्यात लागलेला आहे."

"मंग?"

"बाबा म्हनते, दोन्ही चांगलंच आहे. म्हनते, दिव्यानीचं भाषन आयकतो, तिले इचारतो, मंग पाव्हण्याइले जबाब देतो." तिनं एक निरी सोडली, पुन्हा घातली. "आजच."

म्हणजे हा आता नुसता पेढ्यांचा प्रश्न राहिला नव्हता. एका खोट्या 'ली' वर ही पोरगी घर सोडून येणार, भिंतीखाली बसून डुलक्या काढणार, तिचीही वर्षं अशीच... आणि खरं सांगावं तर आजच, जेवणं व्हायच्या आत, हिची सुपारी फुटणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांगून टाकावं. निदान हिला तरी आधी सांगावं.

"रीना, आयक. मी..."

"तुम्ही लागल्या नाई. मले माहीत आहे."

निऱ्यांवरचा हात तसाच चालू होता.

"मुख्य परीक्षा झालीच नाई अजून, तं लागान कशा? एवढं तं मले समजते ना ताई." रीनानं वर पाहिलं. चेहऱ्यावर ना राग, ना थट्टा. "मी कोनाले नाई सांगितलं. तुम्ही बी नका सांगू. आजच्या दिवस तरी नका सांगू."

दिव्यानीला भिंतीचा आधार घ्यावासा वाटला, पण निऱ्या रीनाच्या हातात होत्या. बाबा सोडले तर सगळ्या गावात एकटी ही आपल्याला ओळखून होती, आणि आपण हिच्याचसाठी जीव टांगणीला लावून बसलो होतो! लाज वाटली. लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं, त्याला नाव सापडेना. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, "अधिकारी काऊन व्हाचं आहे तुले?"

"मले?" रीनानं पिन लावली, हात झटकले. "मले नाई व्हाचं अधिकारी. झाली तं झाली. मले इथून जाचं आहे, बस." मग, अभ्यासातली शंका विचारावी तसं, "ताई, लागाले किती वर्सं लागते?"

बाहेरून भैयाजींची हाक आली. भैयाजी म्हणजे युवा मंडळाचे अध्यक्ष, मंडईचं नाटकही तेच आणतात, माइकही त्यांचाच. उत्तर द्यायची पाळी टळली. आजवर टळलेल्या प्रश्नांत आणखी एक.

रात्रीच्या नाटकासाठी वडशाच्या मंडळीनं स्टेज उभं केलेलं होतं, त्याच स्टेजवर सत्कार. मागे दरबाराचा पडदा सोडलेला, त्याच्यावर खांब, झुंबर आणि मधोमध रंगवलेलं सिंहासन, आणि दिव्यानीची प्लास्टिकची खुर्ची भैयाजींनी मुद्दाम म्हणा की योगायोगानं म्हणा, बरोब्बर त्या सिंहासनासमोर ठेवलेली. नाटकातला एक नट, अर्धा रंगलेला, पडद्याच्या फटीतून डोकावून म्हणाला, "मॅडम, जरा उजवीकडे सरका, गादीवर बराबर बसान." ती सरकली. का सरकली, हे तिला नंतरही कळलं नाही.

"आपल्या गावची कन्या," भैयाजी माइकवर म्हणत होते, "भावी उपजिल्हाधिकारी, कुमारी दिव्यानीताई!" टाळ्या. भावी — या शब्दाला ती बुडणाऱ्यानं फांदी धरावी तशी धरून बसली. भावी तर कोणीही असू शकतं. समोर बसलेलं ते शेंबडं पोरगंही भावी आहे. शाल आली, श्रीफळ आलं, हार आला. पहिल्या रांगेत रुखमाबाई नव्या लुगड्यात, पदर तोंडाशी धरून. मुखरू बसलेलाच नव्हता, लांब, खांबाशी उभा, नजर जमिनीकडे. आणि मधल्या रांगेत गुणवंतराव, मांडीवर दोन्ही हात ठेवून, कोर्टात बसावं तसे, त्यांच्या बाजूला परके दोघं-तिघं, इस्त्रीच्या कपड्यातले. तेच पाहुणे.

माइक हातात आला तेव्हा तिनं ठरवलं होतं. ठरवलं होतं का? बोलायचं ते वाक्य तयार होतं, 'मी अजून लागलेली नाही, मी पहिली पायरी चढले आहे', साधं, स्वच्छ, कोणालाही कळेल असं. तिनं तोंड उघडलं आणि रीना दिसली, बायकांच्या मागे उभी, मान अगदी बारीकशी, नकारार्थी, हलवणारी. वाक्य वाटेतच वळलं. "मुलांनो," ती म्हणाली, "आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल कोणतं?"

"कमळ!" पोरं ओरडली. "गुलाब!" "झेंडू!" सगळे हसले, तीही हसली. तामण, तिनं सांगितलं, जांभळं असतं, आपल्याच जंगलात असतं. मग नद्या विचारल्या, मग गडचिरोली जिल्हा कधी झाला ते विचारलं, एका बारक्या पोरीनं "माह्या बाबाच्या लग्नाच्या आंधी!" असं ठोकून दिलं आणि मंडप पुन्हा हसला, आणि दिव्यानीनं सांगितलं की बरोबर आहे, तुझ्या बाबांच्या लग्नाच्या आधीच, एकोणीसशे ब्याऐंशीत. मग अभ्यास कसा करायचा, चुकलं की गुण कापले जातात म्हणून येत नसेल ते सोडून द्यायचं, हरलो तरी दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर जाऊन बसायचं... हे ती बोलत होती आणि तिचाच आवाज कर्ण्यातून फिरून तिला ऐकू येत होता आणि नवल म्हणजे तो खरा वाटत होता. हरून पुन्हा बाकावर बसण्यातलं तिच्याइतकं कोणाला कळणार होतं? या विषयात तरी ती लागलेलीच होती की. पोरं टक लावून ऐकत होती. एवढा वेळ कोणी आपलं ऐकलं आहे, असं कधी झालं होतं? आणि ज्याच्यामुळे ऐकत होती ते खोटं होतं, आणि जे ऐकत होती ते खरं होतं. आता याचं काय करायचं?

"एक शेवटचा सवाल," भैयाजींनी माइक काढून घेतला, "ताई, तुम्ही अधिकारी काऊन व्हाचं ठरवलं?"

या प्रश्नाचं उत्तर तिला पाठ होतं. मुलाखतीच्या सरावासाठी आरशासमोर घोटून ठेवलेलं. पण ते यायच्या आधी आली ती चंद्रपूरची खोली, पहिल्या दिवशीची. गावच्या घराला आतून कडी नव्हती. कोणीही कधीही यायचं, "काय करून राह्यली वं?" आणि काय करून राह्यली ते सांगावं लागायचं, काही करत नसली तरी. त्या दिवशी तिनं खोलीचं दार लावलं आणि आतून कडी घातली. मग काढली. पुन्हा घातली. नुसता आवाज ऐकायला. बाहेरून कोणी आलं नाही, कोणी विचारलं नाही. ती खाटेवर बसून राहिली, पुस्तक न उघडता, दिवस कलेपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणाला काही सांगायचं नव्हतं. एवढंच होतं का ते? एवढ्यासाठी इतकी वर्षं, राज्यघटना, नद्या, अर्थसंकल्प, बापाची ओव्हरटाइमची पाळी... मले इथून जाचं आहे, बस. रीनानं निऱ्या घालता घालता जे सहज सांगून टाकलं ते मी मलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"समाजाची सेवा करण्यासाठी," दिव्यानी म्हणाली. टाळ्या थांबेनात.

स्टेजच्या मागे नाटकवाल्यांच्या पेट्या होत्या, तिथं ती शाल काढून उभी राहिली. घाम आला होता. कनातीच्या पलीकडून मंडईच्या दुकानांचा कलकलाट येत होता, आणि कनातीचं टोक उचलून गुणवंतराव आत आले. त्यांच्यामागे दोन पावलांवर रीना. तिनं दिव्यानीकडे पाहिलंच नाही.

"बाई," गुणवंतराव म्हणाले. एरवी ते तिला 'मुखरूची पोट्टी' म्हणायचे. "भाषन चांगलं झालं. आता एक इचारतो, आडपडदा न ठेवता सांग. पाव्हणे थांबून आहेत. पोरगा चांगला आहे, घर चांगलं आहे, उद्या म्हनशीन तं भेटनार नाई. ही म्हनते चंद्रपूरले जातो, दिव्यानीताईसारखी लागतो." उभा जन्म शेतात गेलेला माणूस, आवाज मंडपापर्यंत जाणारा, पण आत्ता अगदी हळू. "माही पोरगी लागन का?"

गुणवंतराव तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्या बघण्यात एवढा विश्वास होता की तिला कुठेतरी पळून जावंसं वाटलं. हो म्हणावं? हो म्हणायला जीभ उचलत नव्हती. नाही म्हणावं? मग ती इस्त्रीचे कपडेवाली माणसं. आपण कोण आहोत ते सांगावं? रीनानं मान खाली घातलेली, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. ती आता मान हलवून काहीच सुचवत नव्हती. सगळे पर्याय वाचून झाले, पुन्हा वाचले. पेपरात असं झालं की ती जागा कोरी सोडून पुढं जायची. इथं पुढं काही नव्हतं.

"काका," दिव्यानी म्हणाली, "मले माहीत नाई."

आणि म्हटल्याबरोबर तिला कळलं की आज सकाळपासून आपण उच्चारलेलं हे पहिलं खरं वाक्य. आज सकाळपासूनच कशाला? इतक्या वर्षांत कोणी विचारलं, आणि तिनं असं तोंड उघडून 'माहीत नाही' म्हटलं, असं कधी झालंच नव्हतं. छाती मोकळी झाली. आता ते विचारतील, माहीत नाई म्हणजे? आणि मग ती सांगेल. सगळं सांगेल. वाक्य पुन्हा तयार होतं.

गुणवंतरावांची मान सावकाश हलायला लागली.

"बराबर बोलली," ते म्हणाले. "लागते म्हनून सांगनारे पायलीचे पन्नास भेटले मले. लागलेल्या मानसानं माहीत नाई म्हनावं... याले म्हनतेत शिक्षन!" त्यांचे डोळे भरून आले होते. "तुह्यासारखी मानसं खोटी आशा देत नाई. ने बाई, ने माह्या पोरीले. लागली तं लागली, नाई लागली तं तुह्यासंग राहून शहानी तं होइन." आणि ती 'काका' म्हणेपर्यंत ते कनात उचलून बाहेर पडलेसुद्धा.

ती बघत राहिली. गुणवंतराव गर्दीतून चालले होते, भरभर नाही, वाटेत जो तो त्यांना अडवत होता, रामराम घालत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. आता मधे फोन नव्हता, कुठलं यंत्र धडधडत नव्हतं, स्पष्ट मोठ्यानं 'काका, थांबा' म्हणायचं तेवढं बाकी होतं. आणि मी म्हटलं नाही. हे आता माझं होतं, गोंगाटाचं नव्हे, बाबांचं नव्हे, व्याकरणाचं तर नव्हेच.

"ताई!" रीना जवळ आली. हसत होती, रडतही होती, काय करावं ते न सुचून तिनं दिव्यानीच्या शालीची घडी घालायला घेतली. "माही खाट कुठी टाकाची वं? खिडकीपाशी जागा आहे का?"

"आहे," दिव्यानी म्हणाली. आणि खरंच ती मनात खोली रिकामी करू लागली होती. पुस्तकांची थप्पी तिकडे, ट्रंक खाटेखाली, खिडकीची जागा हिला. आता आपण दार लावू तेव्हा आत आणखी कोणीतरी असेल, आपल्याबद्दल सगळं माहीत असलेलं, जिला काही सांगावं लागणार नाही आणि जिच्यापासून काही लपवताही येणार नाही, रोज सकाळी, रोज, तोंडासमोर. या विचारानं जीव घाबरायला हवा होता, तसा घाबरलाही. एका पोरीचं आयुष्य आपण सरळ सरळ आपल्या अंधारात ओढून घेतलं याची शरम वाटायला हवी होती, तीही वाटली. पण त्या दोन्हींच्या खालून, कोणी न बोलावलेला, हळूहळू वर येत होता तो आनंद होता, निखळ आनंद, निकालाच्या दिवशी झाला होता त्याहून मोठा. आणि हा आनंद रीना सुटली म्हणून होतो आहे की ती अडकायला आपल्याजवळ येते आहे म्हणून, हे दिव्यानीनं स्वतःला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ती घाईघाईनं रीनाला खोलीबद्दल सांगत सुटली.